लॅटिन म्हणी आणि सोनगीरची भांडी : म्हणींच्या तुलनेविषयी काही विचार

१

लॅटिन भाषेतील एखादी म्हण घ्यावी, तिच्या शेजारी त्याच अर्थाची एखादी मराठी म्हण मांडावी, आणि मनुष्यस्वभाव सर्व देशी व सर्व काळी एकच असतो असा निष्कर्ष काढून समाधान पावावे, हा तुलनेचा प्रकार वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यात मनोरंजन आहे, आणि थोडा बोधही आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणीकडे केवळ बोधवचन म्हणून पाहणे पुरेसे होत नाही. म्हण हा एक पुरावा आहे. आणि पुरावा म्हटला की तो कोणत्या ठिकाणचा, कोणाच्या हातचा, कशाविषयीचा व कितपत विश्वसनीय, हे प्रश्न ओघानेच येतात. जुन्या कागदाच्या बाबतीत हे प्रश्न विचारल्यावाचून आपण त्यातील एक अक्षरही ग्राह्य धरीत नाही. म्हणीच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी क्वचितच बाळगली जाते. प्रस्तुत लेखात लॅटिन म्हणींचे व त्यांतील व्यावहारिक शहाणपणाचे परीक्षण या दृष्टीने करण्याचे आम्ही योजिले आहे.

या परीक्षणास कसोटीचा दगड म्हणून आम्ही खानदेशातील सोनगीर हे गाव घेतले आहे. रोम कोठे आणि सोनगीर कोठे, अशी शंका कोणास येईल. धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर, मुंबई–आग्रा मार्गावर, टेकडीवरील जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांकरिता प्रसिद्ध आहे. आता लॅटिन म्हणींचा कोणताही चांगला संग्रह उघडला तर भांडे, धातू, घाव, डोंगर व रस्ता यांवरील म्हणी त्यात ठिकठिकाणी आढळतात. आणि या पाचही गोष्टी सोनगीरच्या नित्य व्यवहारातल्या आहेत. तेव्हा रोमचे शहाणपण तांबटाच्या ऐरणीवर ठेवून वाजवून पाहिले, तर ते कोठे खणखणीत निघते व कोठे बद्द बोलते, हे कळण्यास मार्ग होईल.

२

प्रथम संग्रहांविषयी. लॅटिन म्हणींचा यूरोपातील सर्वांत प्रभावी संग्रह डच पंडित एरास्मस याचा होय. इ. स. १५०० मध्ये पॅरिस येथे त्याने सुमारे ८०० म्हणींचे लहानसे पुस्तक छापविले. १५०८ मध्ये व्हेनिस येथे आल्दुस मानुतिउस याच्या छापखान्यातून निघालेल्या आवृत्तीत ही संख्या ३,००० च्या वर गेली; आणि १५३६ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षी, ती ४,१५१ पर्यंत पोचली. म्हण देऊन तो थांबत नाही. ती कोणत्या ग्रीक किंवा रोमन ग्रंथकाराने, कोणत्या प्रसंगी, कोणत्या अर्थाने योजिली, हे तो सांगतो. आणि एखादी म्हण मनास भिडली तर तिच्यावर स्वतंत्र प्रबंध लिहितो. ‘दुल्के बेल्लुम इनएक्स्पेर्तिस’, म्हणजे ज्यांनी युद्ध चाखले नाही त्यांना ते गोड वाटते, या तीन शब्दांवर १५१५ च्या आवृत्तीत त्याने लिहिलेला युद्धविरोधी निबंध पुढे स्वतंत्रपणे छापला गेला. म्हणीची जागा सांगितल्यावाचून म्हण सांगू नये, हा एरास्मसाचा गुण आजच्याही संग्राहकांनी घेण्याजोगा आहे.

परंतु त्याचा दोषही याच गुणाच्या पोटी आहे. त्याची सामग्री बहुतांशी ग्रंथांतून आलेली आहे. चुलीजवळून किंवा बाजारातून फार थोडी. वस्तू डोळ्यांपुढे नसताना केवळ शब्दावरून काम करणाऱ्याची जी फसगत होते, तिचे उदाहरण याच संग्रहात आहे. ग्रीक कवी हेसिओद याच्या कथेत पँडोरा ही स्त्री ज्या पात्राचे झाकण काढते ते ‘पिथोस’, म्हणजे धान्य अथवा तेल साठविण्याचे मोठे मातीचे भांडे, आपल्याकडील रांजणासारखे. एरास्मसाने तेथे ‘पिक्सिस’ हा शब्द घातला. त्याचा अर्थ लहानशी डबी किंवा पेटी. तेव्हापासून सर्व यूरोप ‘पँडोराची पेटी’ म्हणू लागला, आणि इंग्रजीच्या द्वारे मराठी वर्तमानपत्रांतही ती पेटीच होऊन आली. घरात रांजण कोठे असतो, त्याचे झाकण कोण काढते, आणि घरचा साठा उघडा पडणे म्हणजे काय, हे ज्या गृहिणीस ठाऊक आहे तिला मूळ कथेतील अनर्थ तत्काळ उमगेल. पेटीने तो सारा अर्थ झाकला. एका भांड्याचे नाव चुकले, आणि ती चूक पाच शतके चालली.

आता आपल्याकडे वळू. रेव्हरंड मॅन्वेरिंग यांचा मराठी म्हणींचा इंग्रजी अनुवादासह संग्रह १८९९ मध्ये ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध झाला. शेती, जनावरे, घर, व्यापार अशी विषयवार मांडणी त्यात आहे, आणि परभाषकास उपयोगी पडेल असा तो आहे. परंतु म्हण कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून मिळाली, हे सांगणे हा त्याचा उद्देशच नव्हता. गोव्यातील आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांचा कोकणी म्हणींचा संग्रह १९२२ मध्ये कोइंब्रा येथे निघाला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. धर्मशिक्षणामुळे लॅटिन, व्यासंगाने संस्कृत, आणि जन्माने कोकणी, असा त्रिवेणी अधिकार असलेला हा पुरुष. त्यामुळे आशियाई व यूरोपीय भाषांतील म्हणींशी त्यांनी केलेली तुलना आमच्या विषयास सर्वांत जवळची आहे. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादिलेला महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश १९४० नंतरच्या दशकात दोन भागांत पुरा झाला. संख्येने व स्पष्टीकरणाने तो मराठीतील या विषयाचा आधारग्रंथ आहे. तरीही एका जिल्ह्याच्या, एका धंद्याच्या दृष्टीने कोणी म्हणी तपासू लागला, तर या तिन्ही संग्रहांपैकी एकही त्यास फार दूर नेऊ शकत नाही. कारण म्हणीचे गाव त्यांत क्वचितच सापडते.

३

म्हणींतील साम्य तीन प्रकारचे असते असे आम्हांस दिसते, आणि हे तीन प्रकार वेगळे न केल्यामुळे तुलनेत घोटाळा होतो.

पहिला प्रकार अनुभवाच्या साम्याचा. ‘वासा इनानिया प्लूरिमुम सोनान्त’, रिकामी भांडी फार वाजतात, ही लॅटिन म्हण सर्वश्रुत आहे. संस्कृत सुभाषितात भरलेला घडा निःशब्द असतो व अर्धा घडा घोष करतो असे सांगितले आहे. मराठीने याच अर्थासाठी भांडे टाकून प्रवाह घेतला, आणि ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ असे म्हटले. या तिघींपैकी कोणी कोणाकडून उसने घेतले, हा प्रश्नच उद्भवत नाही. पोकळ वस्तू नाद करते हा पदार्थाचा धर्म आहे. तो रोममध्ये दिसला तसा गंगेकाठी दिसला, आणि पांझरेच्या उथळ पात्रातही दिसला. अशा साम्यावरून दोन समाजांत दळणवळण होते असे अनुमान करणे म्हणजे दोन्हीकडे पाऊस पडतो म्हणून ढग एकाच गावचे असे म्हणणे होय.

परंतु येथेच सोनगीरची कसोटी लावून पाहावी. भांड्याच्या दुकानात गिऱ्हाईक घागर हातात घेते ती रिकामीच असते, आणि बोटाने किंवा नाण्याने ते ती वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर भांडे निर्दोष. बद्द आला तर कोठे तरी चीर आहे किंवा जोड कच्चा आहे. ‘वाजवून घेणे’ हा मराठी वाक्प्रचार या व्यवहारातला आहे. म्हणजे ज्या नादाला रोमन म्हण पोकळपणाची खूण समजते, तोच नाद भांड्याच्या बाजारात खरेपणाची खूण ठरतो. दोन्ही विधाने सत्य आहेत. एक भांडे वापरणाऱ्याच्या घरातले आहे, दुसरे भांडे घेणाऱ्याच्या हातातले. म्हण कोणत्या माणसाच्या जागेवरून बोलते, हे पाहिल्यावाचून तिच्या शहाणपणाची किंमत ठरत नाही, हा पहिला धडा.

दुसरा प्रकार चित्राच्या साम्याचा. तो अधिक फसवा असतो. डोंगराला वेणा आल्या आणि जन्मास आला तो एक हास्यास्पद उंदीर, ही कल्पना रोमन कवी होरेस याने काव्यशास्त्रावरील आपल्या पत्रात योजिली, आणि फेद्रुस याने तिची नीतिकथा केली. आपल्याकडे ‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ ही म्हण आहे. डोंगर तोच, उंदीर तोच. तेव्हा या दोन्ही म्हणी एकच असे मानण्याचा मोह होतो. पण क्रिया पाहावी. लॅटिन म्हणीत डोंगर स्वतः कण्हतो व गाजावाजा करतो. तिचा रोख बढाईखोरावर आहे. मराठी म्हणीत डोंगर मुकाट असतो आणि माणूस कुदळ घेऊन राबतो; तिचा रोख व्यर्थ श्रमावर आहे. पहिली ऐकून लोक हसतात. दुसरी ऐकून हसू येते खरे, पण त्यात घामाची कीव मिसळलेली असते. ज्या देशात किल्ल्यांसाठी डोंगर फोडले, टाकी खोदली, आणि पाण्यासाठी कातळ उकरला, तेथे डोंगर पोखरणे हा शब्दप्रयोग अनुभवाचा आहे. चित्र सारखे असून अर्थ निराळा, हे असे घडते.

उलट, चित्र निराळे असून अर्थ एक, असेही पुष्कळदा होते. युद्ध न चाखलेल्यास गोड वाटते, या वर सांगितलेल्या म्हणीचे मराठी प्रतिरूप ‘दुरून डोंगर साजरे’ हे होय. येथे साम्य ओढून आणलेले नाही. दूरचे पर्वत रम्य दिसतात तशा युद्धाच्या वार्ताही रम्य वाटतात, अशी दोहोंची सांगड संस्कृत सुभाषितकाराने पूर्वीच घातली आहे. मराठीने त्यातून डोंगर ठेवला व युद्ध गाळले. लॅटिनमध्ये युद्धच राहिले. मार्गावरून जाणाऱ्यास सोनगीरचा किल्ला साजरा दिसतो. त्यावर पहारा करणाऱ्या शिपायास तो कसा दिसत असेल, याचा विचार इतिहासकाराने करावयाचा असतो, आणि त्या कामी एरास्मसाची म्हण आपल्या म्हणीपेक्षा अधिक उपयोगी पडते हे कबूल केले पाहिजे.

४

धंद्याच्या म्हणींत तर चित्र आणि अर्थ दोन्ही सारखे असूनही शहाणपण खोटे ठरण्याचा संभव असतो. लोखंड तापलेले आहे तोवर ठोकावे, ही म्हण लॅटिन संग्रहांत आहे, इंग्रजीत आहे, हिंदीत आहे, आणि मराठीतही बोलली जाते. लोहारास ती अक्षरशः खरी आहे. लोखंड लाल असते तोवर हातोड्याच्या ताब्यात राहते. निवाले की हट्टास पेटते. संधी आली की विलंब करू नये, हा तिचा बोध. परंतु हीच म्हण लोहाराच्या भट्टीवरून उचलून तांबटाच्या ऐरणीवर नेली, तर ती चालत नाही. तांब्याचा पत्रा थंड असतानाच ठोकतात. घाव बसत जातात तसतसा तो कठीण होतो, आणि तसाच ठोकीत राहिले तर चिरतो. मग तो भट्टीत घालून लाल करावा लागतो, आणि बाहेर काढून निववावा लागतो. पोलाद लाल करून पाण्यात बुडविले तर कठीण होते. तांबे तेच केले असता मऊ होते. पितळ तर लाल असताना ठोकल्यास तडकण्याचे भय असते. म्हणून तांबट आधी तापवितो, मग निववितो, आणि मग ठोकतो. हा क्रम एका घागरीसाठी अनेक वेळा फिरवावा लागतो. शेवटी बारीक घावांचे मठारकाम होते, तेव्हा भांड्यास कणखरपणा व झळाळी दोन्ही येतात.

आता ‘तापलेले आहे तोवर ठोका’ या उपदेशाचे काय करावे? रागावलेल्या माणसाशी व्यवहार कसा करावा, हा रोजचा प्रश्न घ्या. लोहाराचे शहाणपण म्हणते, त्याच तापात त्यास वळवून घ्या. तांबटाचे शहाणपण म्हणते, ताप येऊ द्या, उतरू द्या, मग हळूहळू ठोका. आणि फार ठोकून कठीण झाला असेल तर पुन्हा थांबा. दोन्ही माणसे जगात आहेत, दोन्ही धातू जगात आहेत. एकाच धातूवरून सर्व मनुष्यजातीला उपदेश करणारी म्हण जगभर पसरली याचे कारण ती अधिक सत्य होती हे नसून, लोहार गावोगाव होता आणि तांबट ठराविक गावी होता, हे असावे असे आम्हांस वाटते. म्हणींचा प्रसार हा शहाणपणाचा तराजू नव्हे.

याच संदर्भात आणखी एक लॅटिन म्हण पाहू. ‘ने सुतोर उल्त्रा क्रेपिदाम’, चांभाराने वहाणेच्या वर जाऊ नये. वडील प्लिनी याने कथा दिली आहे ती अशी : आपेल्लेस या चित्रकाराच्या चित्रातील वहाणेची चूक एका चांभाराने दाखविली, चित्रकाराने ती दुरुस्त केली, तेव्हा धीर येऊन चांभार पायाविषयीही बोलू लागला, आणि चित्रकाराने त्यास गप्प केले. आपल्याकडे ‘सोनारानेच कान टोचावे’ असे म्हणतात. दोन्ही म्हणी ज्याचे काम त्यानेच करावे असे सांगतात. पण लॅटिन म्हणीत वरच्या कारागिराने खालच्यास त्याची पायरी दाखविली आहे, आणि मराठी म्हणीत कारागिराच्या हाताला मान दिला आहे. मात्र येथे आपली पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. ज्याचे त्याने करावे हे सूत्र आपल्या गावगाड्यात कौशल्याचा मान म्हणून जितके चालले, तितकेच जन्माने ठरलेल्या कामातून कोणास बाहेर पडू न देण्यासाठीही चालले. म्हणीचा गोड अर्थ तेवढा टिपून कडू अर्थ सोडणे हे परीक्षण नव्हे.

५

तिसरा प्रकार खऱ्या उसनवारीचा. तो ओळखण्यास सोपा असतो, कारण उसन्या म्हणीच्या अंगावर मूळ घराची खूण राहते. ‘जेनु काम तेनु थाय, बीजा करे सो गोता खाय’ ही मराठी माणसाच्या तोंडी असलेली म्हण गुजरातीतून आली, हे तिचा शब्दन् शब्द सांगतो. ‘दिल्ली दूर आहे’ या अर्थाचे वचन फारसीतून उत्तरेकडे पसरले; ते निजामुद्दीन औलिया यांचे असून इ. स. १३२५ मध्ये मरण पावलेल्या गियासुद्दीन तुघलकास उद्देशून होते, अशी परंपरा आहे. मराठीत ते बहुधा हिंदी रूपातच बोलले जाते. एकीकडे गुजरात व दुसरीकडे आग्रा अशा वाटांवर असलेल्या खानदेशात या दोन्ही म्हणी परक्या वाटत नाहीत.

लॅटिनमधून मराठीत आलेल्या म्हणींचा मार्ग मात्र या रस्त्यांवरचा नाही. तो इंग्रजी शाळेच्या पाठ्यपुस्तकातला आहे. ‘चकाकते ते सारे सोने नसते’ ही आता मराठी म्हणूनच समजली जाते. बाराव्या शतकातील आलां द लिल या फ्रेंच पंडिताच्या लॅटिन पद्यसंग्रहात हाच उपदेश आहे, आणि सर्व रस्ते रोमला जातात या वचनाचा जुना आधारही त्याच संग्रहात सापडतो. इंग्रजीतून ती वाक्ये आपल्याकडे भाषांतररूपाने आली. याच अर्थाचा अस्सल मराठी वाक्प्रचार ‘पितळ उघडे पडणे’ हा होय. वरचा मुलामा झिजतो आणि आतील पितळ दिसते. हा वाक्प्रचार वस्तू वापरणाऱ्याचा आहे, कारण त्यात झिजण्यास लागणारा काळ आहे. उसन्या म्हणीत केवळ पाहणाऱ्याचा डोळा आहे. परंतु सोनगीरकर तांबट या वाक्प्रचारावरही आक्षेप घेईल, आणि तो रास्त ठरेल. पितळ हे खोटे सोने नव्हे. ते खरे पितळ आहे. गावाचे नाव सोन्यावरून पडले असले तरी गावाची भाकर पितळेवर पिकली. लबाडी मुलामा देणाऱ्याची, आणि बदनामी मात्र धातूची, असा हा अन्याय भाषेने केला आहे.

६

म्हणींत रोजच्या व्यवहाराचे शहाणपण असते असे म्हणतात. मग त्या परस्परविरुद्ध का असतात? ‘फेस्तिना लेन्ते’, सावकाश घाई कर, हे वचन ग्रीक रूपात सम्राट ऑगस्टस याच्या नित्य तोंडी असे, असे सुएतोनिउस लिहितो. नांगराभोवती वेटाळलेला डॉल्फिन मासा हे रोमन नाण्यावरील चिन्ह आल्दुसाने आपल्या छापखान्याचे बोधचिन्ह केले, ते याच वचनाच्या अर्थाने : नांगर स्थिर, मासा चपळ. उलट ‘फोर्तेस फोर्तुना युवात’, दैव धाडसी माणसास साहाय्य करते, हीही रोमचीच म्हण. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस पर्वत फुटला तेव्हा वडील प्लिनी आरमाराची जहाजे घेऊन संकटात सापडलेल्यांच्या मदतीस निघाला. नावाड्याने परत फिरण्यास सुचविले असता त्याने हीच म्हण उच्चारली, आणि तो पुढे गेला, असे त्याच्या भाच्याने, म्हणजे बहिणीच्या मुलाने, पत्रात लिहून ठेवले आहे. किनाऱ्यावर पोचून दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. म्हण खोटी ठरली काय? प्राणांच्या हिशेबाने ठरली. परंतु ती नसती तर तो कदाचित निघालाच नसता, आणि त्या दिवशी कोणी तरी निघणे आवश्यक होते.

मराठीतही ‘थेंबे थेंबे तळे साचे’ आहे, आणि ‘सोनाराचे शंभर घाव, लोहाराचा एक घाव’ हेही आहे. लॅटिन ‘गुत्ता कावात लापिदेम’, थेंब दगड पोखरतो, ही पहिलीच्या शेजारी नेहमी मांडतात. परंतु एका म्हणीत थेंब साठवितो व दुसरीत तो झिजवितो. ज्या प्रांतात पाऊस बेताचा पडतो तेथील शेतकऱ्यास थेंब म्हटला की तळे आठवावे, दगडाची झीज आठवू नये, हे स्वाभाविक आहे. तेव्हा म्हणींचा विरोध हा त्यांचा दोष नव्हे. म्हण ही हत्यारांच्या पेटीतील एक हातोडी आहे. तांबटाजवळ लहानमोठ्या अनेक हातोड्या असतात, आणि कोणत्या वळणास कोणती लावावी हे पेटी सांगत नाही, हात सांगतो. शहाणपण म्हणीत अर्धे असते. उरलेले अर्धे ती योजणाऱ्या माणसाच्या प्रसंगज्ञानात असते. म्हणूनच प्रसंगावाचून दिलेली म्हणींची यादी, मग ती लॅटिन असो वा मराठी, अर्धीच गोष्ट सांगते.

७

‘वेर्बा वोलान्त, स्क्रिप्ता मानेन्त’, बोललेले उडून जाते, लिहिलेले राहते, ही लॅटिन म्हण इतिहाससंशोधनाचे ब्रीदवाक्य म्हणून शोभेल. आपल्याकडे दप्तरे शोधण्याचे जे कार्य झाले ते याच श्रद्धेने झाले. परंतु एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अनेक शतकांचे कागद वाळवीने खाल्ले, आणि कोणी न लिहिलेल्या म्हणी मात्र राहिल्या. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी कागद जितक्या कष्टाने गोळा केले, तितक्याच कष्टाने धातू, नामे व गावांची नावेही गोळा केली. त्यांचे कोश १९२६ अखेर धुळे येथे झालेल्या त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. बोललेला शब्द हाही दप्तरातलाच कागद आहे, ही दृष्टी त्यांनी खानदेशास देऊन ठेवली आहे.

आज त्या दृष्टीने काम करण्याची निकड आहे. बोललेले उडून जात नाही, ही गोष्ट बोलणारा व बोलण्याचा विषय जागेवर असतील तोवरच खरी असते. स्टेनलेस स्टील, अॅल्युमिनियम व प्लॅस्टिक यांनी घरांतील तांब्यापितळेची जागा घेतली आहे. कल्हईवाला दारी येत नाही. बंब, घंगाळ, गुंड हे शब्द पुष्कळ घरांतील मुलांस समजावून सांगावे लागतात. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार घ्या. जुने भांडे मोड म्हणून वजनावर विकणे, हा त्याचा मूळ व्यवहार. तो व्यवहार डोळ्यांआड झाला की या शब्दाचा संबंध मोडी लिपीशी लावणारा निघणे अशक्य नाही. आणि तशी व्युत्पत्ती एकदा छापली गेली की ती पँडोराच्या पेटीइतकी टिकेल.

दुसरी गोष्ट बोलीची. सोनगीरच्या परिसरात अहिराणी बोलली जाते. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या नवव्या खंडाचा जो भाग १९०७ मध्ये निघाला, त्यात तिचे खानदेशी या नावाने वर्णन आहे. तिच्यात षष्ठीचे प्रत्यय चा-ची-चे असे नसून ना-नी-नं असे असतात. अहिराणी म्हण संग्रहात घेताना तिला पुणेरी प्रत्यय लावले, तर अर्थ राहतो आणि पुरावा जातो. वर आम्ही म्हटले की उसन्या म्हणीवर मूळ घराची खूण राहते. ती खूण संग्राहकानेच पुसून टाकली तर उसनवारीचा शोध कायमचा बंद होतो. एखादी म्हण गुजरातीतून आली, हिंदीतून आली, की बोलीतच जन्मली, हे तिच्या प्रत्ययांवाचून सांगण्याचा दुसरा उपाय नाही.

यावरून म्हणींच्या पुढील संग्राहकांस आमची सूचना अशी आहे. म्हण ज्या रूपात ऐकली त्याच रूपात उतरावी. गाव, धंदा, बोलणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, व साधारण वय लिहावे. ती कोणत्या प्रसंगी, कोणास उद्देशून उच्चारली, हे दोन ओळींत नोंदवावे. म्हणीत वस्तू असेल तर ती वस्तू पाहावी, तिचे स्थानिक नाव व आकार टिपावा. शक्य तर चित्र काढावे. आणि तिच्याविरुद्ध अर्थाची म्हण त्याच गावात आहे काय, हे अवश्य विचारावे. लॅटिन अथवा अन्य भाषेशी तुलना करणे हे शेवटचे काम. ते पहिले करू नये. तुलना ही कल्हईसारखी आहे. भांडे आतून घासून स्वच्छ केलेले असेल तरच कथील धरते. मळावर दिलेली कल्हई चार दिवसांत निघून जाते.

एरास्मसास रोमची घरे पाहावयास मिळाली नाहीत; ती त्याच्या जन्मापूर्वी हजार वर्षे पडली होती, आणि त्यास ग्रंथांवरच भिस्त ठेवणे प्राप्त होते. आपली स्थिती तशी नाही. तांबटाच्या हातोडीचा व्यवहार ज्यांनी आयुष्यभर पाहिला अशी वृद्ध मंडळी खानदेशात आहेत, आणि त्यांच्याकडून ऐकून घेण्यास लागणारा खर्च एका दिवसाच्या प्रवासाइतका आहे. हे काम जिल्ह्याजिल्ह्यांतील अभ्यासकांनी वाटून घ्यावे, आणि मिळालेल्या नोंदी, त्या दहा असोत की शंभर, जशा असतील तशा प्रसिद्ध कराव्या, अशी आमची विनंती आहे.